शाळेनंतरचा क्लास निवडताना: आधी घड्याळ, मग माहितीपत्रक

जून उजाडला की सोसायटीच्या फळ्यावर अबॅकस, कराटे, रोबोटिक्सची पत्रकं लागतात आणि शेजारच्या मुलानं नाव घातलं म्हणून आपणही घालतो. मी तेच केलं होतं. वर्षाची फी एकदम भरली, लेक दोन महिन्यांत कंटाळली आणि पैसे बुडाले. आता मी कागद-पेन घेऊन बसते.

१. आधी मुलाचा आठवडा मांडा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, ती सर्वांत आधी लिहा. मग शाळा, रिक्षा किंवा व्हॅनचा वेळ, जेवण, गृहपाठ. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य शासनाचं फेब्रुवारी २०२४ चं परिपत्रक आहे. त्यामुळे काही शाळांतली मुलं आता उशिरा घरी येतात. मोठ्या भावंडाच्या वेळचा हिशोब धाकट्याला लागू पडेलच असं नाही. जे तास उरतील, त्यातले निम्मेच क्लासला द्या. बाकीचे खाली सायकल फिरवायला, नाहीतर नुसतं लोळायला.

२. तुम्हाला सांभाळ हवा आहे की शिकणं? दोघंही सातला घरी येत असाल, तर तासाभराच्या तबल्यानं प्रश्न सुटत नाही. तिथे चांगलं पाळणाघरच हवं. आमच्या ओळखीत सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

३. मुलाला दोन-तीन पर्यायांतून निवडू द्या, पण एक तरी घाम काढणारा ठेवा. या वयात रोज किमान ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मल्लखांब, खो-खो, पोहणं, काहीही चालेल.

४. जागा बघायला क्लास सुटायच्या वेळी जा, तेही न सांगता. माहितीपत्रकात नसतं ते तेव्हा दिसतं. बाई किंवा सर मुलांना नावानं हाक मारतात का? किती मुलं नुसती पाळीची वाट बघत उभी आहेत? स्वच्छतागृह कुठे आहे, तिथवर सोबत कोण जातं? मूल कोणाच्या ताब्यात देतात? ‘मी काका आहे’ एवढ्यावर सोडत असतील, तर तिथूनच परत फिरा. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारायला लाजू नका. अंतरही बघा. जुलैच्या पावसात दुचाकीवरून पाऊण तास जाणं आठवड्यातून तीनदा जमत नाही.

५. एक-दोन तास बसून बघू द्या, मग महिन्याची फी भरा, फार तर तिमाहीची. गणवेश, बेल्ट, स्पर्धा, परीक्षा यांचे पैसे वेगळे असतात, ते आधीच विचारा. मध्येच सोडलं तर परत काय मिळेल, ते लेखी घ्या. गाणं-तबल्याला गांधर्व महाविद्यालयाची ‘प्रारंभिक’ आणि चित्रकलेला इलिमेंटरी-इंटरमिजिएट या परीक्षा चांगल्याच आहेत, पण ‘परीक्षेला नाही बसवलं तर चालेल का?’ एवढं विचारून बघा. उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

६. सहा आठवड्यांनी वही पुन्हा उघडा. ‘आज काय शिकलास?’ विचारू नका, ‘आज कोणाशी भांडलास?’ विचारा, त्यातून बरंच कळतं. दर वेळी निघताना पोट दुखत असेल, तर आधी बाईंशी बोला, मग गरज पडली तर नाव काढा.