घरगुती मसाल्याचा धंदा: ‘घरचंच तर आहे’ म्हणून होणाऱ्या चुका कशा टाळाव्यात

पहिल्या उन्हाळ्यात जाऊबाईंनी आणि मी मिळून 60 किलो कांदा-लसूण मसाला केला. सगळा खपला, लोकांनी नावाजला. जूनमध्ये पैशांचा डबा उघडला, तर पुढच्या मिरचीपुरतेही पैसे नव्हते. कुठे गेले ते सांगता येईना, कारण कुठेच काही लिहून ठेवलेलं नव्हतं. गॅस घरचा, मिक्सर घरचा, लसूण सोलायला सासूबाई घरच्या. ‘घरचंच तर आहे’ असं म्हणत आम्ही प्रत्येक खर्च सोडून दिला होता. धंदा सुरू करणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य आजही ऐकते, आणि ऐकलं की काळजी वाटते. म्हणून आमच्या चुकांमधून जे शिकलो, ते क्रमाने लिहिते.

1. आधी मूठ सोडा, काटा धरा

एकाच मसाल्याने सुरुवात करा. गोडा, मालवणी, मेतकूट, थालीपीठाची भाजणी असं सगळं पहिल्याच वर्षी काढलं की प्रत्येकाचा थोडा थोडा माल पडून राहतो आणि पैसा त्यात अडकतो.

‘दोन मुठी धणे, अंदाजाने मीठ’ हे घरात चालतं. विकायच्या मसाल्याला ग्रॅमच लागतात. काटा घ्या आणि तुमची कृती एक किलोच्या मापात लिहून काढा. मिरचीचंही तसंच. ब्याडगी रंगाला आणि लवंगी तिखटाला हे खरं, पण प्रत्येक खेपेची मिरची वेगळी निघते. नवीन पोतं आणलं की आधी पाव किलोचा नमुना करून भाजीत घालून पाहा, मगच मोठा घाणा घ्या.

2. अनोळखी लोकांना पैसे घेऊन विका

नातेवाईक ‘छान झालाय’ म्हणणारच. फुकट दिलेल्या मसाल्याला नावं कोण ठेवणार? 100 ग्रॅमची 30 पाकिटं करा आणि ओळख नसलेल्यांना विका. पहिलं पाकीट कोणीही उत्सुकतेने घेतं. महिन्याभरात दुसरं मागायला किती जण आले, तेवढंच वहीत लिहा. दोघे-तिघेच आले असतील, तर भांडवल घालायची घाई करू नका. तिखट कमी पडलं, मीठ जास्त झालं की रंग उतरला, ते न आलेल्यांनाच जाऊन विचारा.

3. किंमत काढताना स्वतःची मजुरी धरा

सगळ्यात मोठी चूक इथे होते. शेजारची 500 रुपये किलोने देते म्हणून आपणही 500. हे आकडे उदाहरणादाखल घ्या आणि त्यांच्या जागी तुमच्या बाजारातले भाव घाला.

समजा, एक किलो मसाल्याला कच्चा माल 340 रुपयांचा लागला. डंकावरची कुटाई 50, गॅस आणि वीज 20, पाव किलोच्या चार पाकिटांचा लेबलसकट खर्च 40. झाले 450. आता 500 ला विकलं की 50 रुपये सुटले असं वाटतं.

पण 20 किलोच्या घाण्यासाठी दोघी जणी दोन दिवस आठ-आठ तास राबल्या. हे झाले 32 तास. तासाला 60 रुपये धरले, तर 1,920 रुपये, म्हणजे किलोमागे 96. वर चवीला दिलेलं, सांडलेलं, पाकीट फुटून गेलेलं धरून आणखी 24. खरा खर्च 570 रुपये. 500 ला विकणारी बाई प्रत्येक किलोला 70 रुपये घालवते आहे, आणि ते तिच्या मजुरीतून जात असल्यामुळे तिला दिसत नाहीत.

यावर 30 रुपये नफा धरला तर 600 होतात. दुकानदार पाकिटावरच्या किमतीतले 20 टक्के घेणार असेल, तर ती किंमत किलोला 750 हवी. अनेकींना इतकी किंमत सांगायची लाज वाटते. लाजू नका. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मिरची तोलतानाही जपा. डेखं, कचरा आणि उन्हात उडणारा ओलावा गेला की 10 किलोची 10 किलो राहत नाही. भाव नेहमी निवडलेल्या, वाळलेल्या मिरचीवर काढा.

4. पावसाळ्याचा विचार मार्चमध्येच करा

मिरची उन्हाळ्यात घ्यायची आणि मसाला वर्षभर विकायचा, म्हणजे पैसा आधी जातो आणि हळूहळू परत येतो. म्हणून सगळी पुंजी मिरचीत घालू नका. निदान तीन महिन्यांच्या पाकिटांचे, गॅसचे आणि प्रवासाचे पैसे बाजूला ठेवा. वर्षभराचा मसालाही एकदम कुटू नका. खोबरं घातलेला मसाला खवट होतो. मिरची कडकडीत वाळवून बंद डब्यात ठेवा आणि लागेल तसा ताजा घाणा काढा.

1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्यांना चार महिने काम थांबवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. तुमच्या धंद्याची खाट आणि स्टोव्ह कोणता, हे पाऊस यायच्या आत ठरवा.

5. कागद

अन्नपदार्थ विकायला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, घरातून विकत असलात तरी. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. दळलेला मसाला सुटा विकायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे वजन, किंमत, बनवल्याची तारीख, घटक आणि पत्ता असलेलं बंद पाकीटच हवं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारदरबारी नोंद, आधार आणि पॅनवर मोफत होते. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला 40 लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून म्हापशाला माल विकला की ती परराज्यातली विक्री ठरते आणि तिथे ही सवलत लागू होत नाही.

बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढा. मुलांची फी त्यातून भरू नका. घरासाठी दर महिन्याला ठरलेली रक्कम स्वतःची मजुरी म्हणून काढा.

6. उधारीला तारीख हवी

आम्ही एका दुकानात 15 किलो ठेवले आणि दिवाळीपर्यंत हेलपाटे घातले. हातात साधी पावतीही नव्हती. माल देताना दोन प्रतींचं चलन करा, एकावर दुकानदाराची सही घ्या. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवायचे, असं 2006 चा कायदा सांगतो. हे दुकानदाराला शांतपणे, पहिल्याच दिवशी सांगा. जुनं बिल चुकतं झाल्याशिवाय नवा माल देऊ नका.

7. प्रत्येक घाण्याचं एक पाकीट मागे ठेवा

त्यावर तारीख, मिरची कुठून आणली आणि घाण्याचा क्रमांक लिहा. दर महिन्याला ते उघडून वास घ्या, चिमूटभर चाखून पुन्हा घट्ट बंद करा. तुमचा मसाला खरोखर किती महिने टिकतो, ते याच पाकिटांवरून कळेल, आणि लेबलवरची मुदत त्यावरूनच छापा. कोणी ‘या वेळी वास येतोय’ म्हणून फोन केला, तर वाद घालायच्या आधी त्याच्याकडून घाण्याचा क्रमांक घ्या आणि आपल्याकडचं पाकीट उघडा.