कॉलेजचा निकाल वाचायचा कसा?

बारावीचा निकाल लागला की वाड्यावरचं कोणी ना कोणी कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या घरी येतं. "बाय, ह्या कॉलेजचा निकाल 92 टक्के. घालू ना चेडवाला?" मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं टेबल सांभाळत निवृत्त झाले, म्हणून मला विचारतात. मी उलट विचारते, 92 टक्के कुणाचे?

निकाल काढतात तो शेवटच्या परीक्षेला बसलेल्यांचा. वाटेत गळालेले त्यात नसतातच. समजा एफवायला 120 जणांनी प्रवेश घेतला, टीवायच्या शेवटच्या परीक्षेला 78 बसले, 72 पास झाले. छापणार 92 टक्के, आणि ते खोटंही नाही. पण 120 मधले पदवीला पोचले 60 टक्केच. आईबापांना हवा असतो तो हा आकडा.

तो तुम्हीच काढा. नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था. तिचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या पानावर दरवर्षीचा एक्यूएआर, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवाल असतो. त्यात 2.1 क्रमांकाच्या मुद्द्यात प्रवेश, 2.6 मध्ये शेवटच्या वर्षाचा निकाल. दोन्ही आकडे एकाच अहवालातून घेऊ नका, तिथेच सगळे फसतात. यंदा पास झालेली मुलं तीन वर्षांपूर्वी आत आली, म्हणून प्रवेश त्या वर्षाच्या अहवालातून घ्या. तिथे सगळ्या वर्गांची बेरीज दिली असेल तर ऑफिसात जाऊन नुसता एफवायचा आकडा मागा. कॉमर्स, आर्ट्स, सायन्स वेगवेगळं मागा, एकत्र केलं की काही कळत नाही.

आता गळालेले म्हणजे सगळे बुडाले असं नव्हे. माझ्या रजिस्टरात टीसी नेणाऱ्याच्या नावापुढे मी लाल शाईने तारीख आणि कारण लिहायची. गणेश चवथीच्या आसपास लाल रेघांची रांगच लागे: इंजिनिअरिंगची नाहीतर नर्सिंगची जागा मिळालेली मुलं. त्यांची काळजी नको. मला खुपायची ती लाल रेघ नसलेली नावं. टीसी नेली नाही, फी भरलेली, बाक रिकामा. कोणी वेर्ण्याला फॅक्टरीत, कोणी बोटीवर, अलीकडे मोपा विमानतळावर. पटावर मात्र ती असतातच.

पेपरात येणारा 'जीईआर' पटावरूनच निघतो. 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येशी उच्च शिक्षणातल्या एकूण प्रवेशांचं ते प्रमाण. 2021-22 मध्ये देशाचा 28.4 टक्के होता आणि 2035 पर्यंत तो 50 टक्क्यांवर न्यायचा सरकारचा बेत आहे. त्यात दारातून आत आलेले मोजतात, पदवी घेऊन बाहेर पडलेले नव्हे. पदवीला पोचलेले मोजताना अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांपर्यंत पास झालेलेही धरतात. आपणही एटीकेटीवाल्यांना, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांना, वर्षभराची सवलत देऊन मोजावं, नाहीतर हिशेब फार कडक होतो.

गोव्यात 2023-24 पासून नवं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलंय. आता एका वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोननंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, सात वर्षांपर्यंत मुलाच्या खात्यात राहतात. म्हणून ऑफिसात आणखी एक विचारा: बाहेर पडलेल्यांतले परत किती आले? टेबलावरची बाई रजिस्टर उघडून बघू लागली तर खुर्ची ओढून बसा. तोंडपाठ सांगितलं तर पुढच्या कॉलेजात जा.