पिवळा रंग फिका झाला म्हणजे एन्झाइम थांबले, असे नव्हे

आयडीओ१ या एन्झाइमचे इनहिबिटर, म्हणजे त्याला रोखणारे रेणू, शोधण्याच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. या एन्झाइममुळे ट्रिप्टोफॅन या अमायनो आम्लाचे कायन्युरेनिन होणे, त्यामुळे रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींना येणारी मरगळ आणि म्हणून कर्करोगावरच्या, टी-पेशींवरील पीडी-१ हा ‘ब्रेक’ रोखणाऱ्या औषधांना अशा इनहिबिटरची जोड देण्याची कल्पना, हे तुम्ही वाचलेलेच असणार. माझे आठ महिने जिथे वाया गेले, तेवढेच मी सांगते.

नेहमीची चाचणी सोपी असते. हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींना इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन देऊन त्यांच्यात आयडीओ१ तयार करवायचे, सोबतच आपले संयुग घालायचे, दोन दिवसांनी वरचे माध्यम काढून त्यात ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल घालायचे, ५० अंशांवर अर्धा तास ठेवायचे आणि शेवटी एर्लिच अभिकर्मक मिसळून ४८० नॅनोमीटरला शोषण मोजायचे. कायन्युरेनिन असेल तर पिवळा रंग चढतो. माझ्या एका संयुगाच्या रांगेत तो मात्रेगणिक उतरत जाऊन शेवटच्या वेलमध्ये (प्लेटच्या खाचेत) पाण्यासारखा झाला होता. पेशी जगल्या का ते दाखवणारी एमटीटी चाचणी केली, तर पेशीही जिवंत होत्या. मार्गदर्शकांनी लगेच आयसी-५०, म्हणजे एन्झाइमचे काम निम्म्यावर आणणारी मात्रा, मागितली आणि मीही हुरळून त्या संयुगाची नवनवी रूपे बनवत बसले.

गफलत अशी, की या चाचणीत एन्झाइम आधीपासून नसतेच. इंटरफेरॉन ग्राहीला चिकटतो, पेशीतली जेएके१ व जेएके२ ही एन्झाइमे जागी होतात, ती स्टॅट१ या प्रथिनाला कामाला लावतात, तेव्हा कुठे आयडीओ१ चे जनुक चालू होते. ही साखळी कुठेही तुटली तरी रंग तितकाच उतरतो. जेएके रोखणारे रक्सोलिटिनिबसुद्धा येथे उत्तम आयडीओ१ इनहिबिटर म्हणून खपेल! एका वरिष्ठ सहकाऱ्याने सहज विचारले, “ब्लॉट केलास का?” पेशींत एखादे प्रथिन आहे का, हे पट्ट्याच्या रूपात दाखवणारी ही चाचणी. केला, तेव्हा संयुग न घातलेल्या पेशींत ४५ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टा होता आणि माझ्या संयुगाच्या रांगेत काहीच नव्हते. एन्झाइम थांबले नव्हते, ते बनलेच नव्हते. त्यातही वाईट म्हणजे जेएके१ किंवा जेएके२ निकामी झालेल्या गाठी इंटरफेरॉनला जुमानत नाहीत आणि अशा काही रुग्णांत पीडी-१ रोखणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबचा परिणाम ओसरल्याचे दिसले आहे. म्हणजे ज्या उपचाराला मदत करायला मी निघाले होते, त्याच्याच मुळावर माझा रेणू उठला असता.

म्हणून आयसी-५० च्या आधी त्याच पेशींचा ब्लॉट करा. इंटरफेरॉन आधी देऊन, एन्झाइम बनल्यावर ते धुऊन टाकून, मग संयुग घाला. शुद्ध एन्झाइमवरही पाहा, पण तिथल्या मिथिलीन ब्ल्यू आणि अॅस्कॉर्बेटमुळे ऑक्सिडीकरण-क्षपण करणारी संयुगे फसवतात, तर लिनरोडोस्टॅटसारखे, एन्झाइमच्या हीम (लोह असलेला गट) नसलेल्या रूपाला धरणारे रेणू तिथे उगाच दुबळे वाटू शकतात. डॉकिंगच्या, म्हणजे संगणकावर रेणू एन्झाइममध्ये बसवून पाहण्याच्या, रंगीत चित्रांवर विसंबणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे. आणि पहिल्याच आठवड्यात आकडा मागणाऱ्या मार्गदर्शकांना नम्रपणे थांबवायला शिका. मला ते जमले नाही.

फसलात तरी खचू नका. २०१८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या ७०६ रुग्णांवरील चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबला एपाकॅडोस्टॅटची जोड देऊनही आजार अधिक काळ आटोक्यात राहिला नाही, आणि ते तर खरेखुरे इनहिबिटर होते. त्यानंतर अनेकांनी हा विषय सोडला. दिलेल्या मात्रेने गाठीच्या आत एन्झाइम पुरेसे थांबले होते का, हा प्रश्न अजून माझी पाठ सोडत नाही.

माझ्या अकरा संयुगांपैकी दोनच टिकली. दोन्ही दुबळी आहेत, पण पट्टा जागच्या जागी आहे.