सनपॅक शीट आणण्याआधी

गाडीला घरच्या घरी सनपॅक (बोर्डांची पोकळ प्लास्टिक शीट) वगैरे काहीबाही लावून, हवेचा विरोध कमी करून अ‍ॅव्हरेज वाढवायचं मनात असेल, तर पहिली तयारी गाडीची नाही, हिशेबाची. महिन्याच्या एकूण रनिंगपैकी ताशी ७०च्या वर किती किलोमीटर पडतात ते आधी कागदावर मांडा. शाळा, भाजी, ऑफिस, सिग्नल एवढंच रनिंग असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. त्या वेगात हवा गाडीला फारशी अडवतच नाही. पुणे-कोल्हापूर, नाशिक-मुंबई किंवा समृद्धी अशा फेऱ्या नेमाने होत असतील, तर मात्र या उद्योगात अर्थ आहे.

का, ते आकड्यांत बघा. आल्टो-वॅगनआरच्या वर्गातली छोटी गाडी, आत दोन माणसं, मिळून साडेनऊशे किलो धरू. तिच्या टायरचा रस्त्याशी होणारा विरोध सुमारे ११ किलो वजनाइतका असतो आणि वेग बदलला तरी तो फारसा बदलत नाही. हवेचा विरोध मात्र वेग दुप्पट झाला की चौपट होतो. ताशी ४०ला तो जेमतेम ५ किलो, ६०ला १२, ९०ला २७ आणि १२०ला जवळजवळ ४८. म्हणजे साठीच्या आसपास हवा आणि टायर बरोबरीत येतात आणि त्यापुढे पेट्रोल मुख्यतः हवा ढकलण्यात जातं.

या आकड्यांत एक फुकटचा उपायही आहे. १००ऐवजी ८०ने चाललात तर हवेचा विरोध ३६ टक्क्यांनी उतरतो. तेवढी घट शीट लावून गाठायची तर गाडीचं अर्धं अंग बदलावं लागेल. समृद्धीवर १२०ची मुभा आहे म्हणून १२०च धरायचा आणि मग अ‍ॅव्हरेजसाठी ग्रिल झाकत बसायचं, याला काय म्हणावं! आधी वेग ठरवा, मग कात्री हातात घ्या.

दुसरी तयारी म्हणजे काहीही न बदलता घेतलेली नोंद. गाडी आज किती देते हेच ठाऊक नसेल तर उद्या किती वाढलं हे कसं कळणार? टाकी भरायची ती नोझलच्या पहिल्या ऑटो कटपर्यंत, शक्यतो त्याच पंपावर आणि त्याच मशीनवर. ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ या प्रश्नाला नम्रपणे नकार. भरण्यात अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. दहा लिटर जाळून हिशेब केलात तर तिथेच पाच टक्क्यांची चूक झाली, आणि आपल्याला मिळायचा फायदाही साधारण तेवढाच आहे. म्हणून वॅगनआरसारखी ३२ लिटरची टाकी असेल तर निदान पंचवीसेक लिटर जाळल्याशिवाय भागाकार करू नका. टायरची हवा दर वेळी थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरा. नोंदवहीत तारीख, रस्ता, किती माणसं होती, एसी चालू होता का, वारा कसा होता, एवढं लिहा. जूनमधल्या पश्चिमेच्या वाऱ्यात मुंबईहून नाशिकला जाताना मिळालेलं अ‍ॅव्हरेज परतीच्या प्रवासात मिळत नाही, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

आता गाडीभोवती एक फेरी मारा आणि आपणच काय काय लावून ठेवलंय ते मोजा. लावण्याआधी काढायचं, हा माझा या कामातला सगळ्यात ठाम आग्रह. टपावरचं कॅरिअर पहिलं उतरवा. दिवाळीत गावी जाताना एकदा बसवलेलं कॅरिअर पुढच्या दिवाळीपर्यंत रिकामं हिंडत असतं आणि वर्षभर पेट्रोल पितं. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीनुसार टपावरची मोठी बोथट पेटी हायवेवर अ‍ॅव्हरेज ६ ते १७ टक्क्यांनी खाली आणते. रिकामं कॅरिअर एवढं खात नाही, पण सनपॅकच्या साध्यासुध्या कामातून जे मिळतं त्यातला मोठा हिस्सा ते एकटं गिळू शकतं. मग दारांवरचे बाहेर आलेले रेन व्हायझर, टपावरचा एलईडी बार, बोनेटवरचा झेंडा आणि त्याची दांडी, गरजेपेक्षा रुंद मडफ्लॅप. पुढचा लोखंडी गार्ड तर काढाच. केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच त्याला मनाई केली आहे, आणि टक्कर झाली तर तो धक्का शोषण्याऐवजी थेट चासीपर्यंत पोचवतो. बाजूचे आरसे मात्र काढायचे नाहीत. परदेशी हौशी लोक ते काढून कॅमेरे बसवतात. आपल्याकडे डावीकडून मोटरसायकल कधी घुसेल याचा नेम नाही.

शीट कापण्याआधी कायदाही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे मी स्वतःला घातलेल्या अटी अशा: पत्र्याला भोक पाडायचं नाही, गाडीची लांबी-रुंदी वाढवायची नाही, दिवे, नंबर प्लेट, तिसरा ब्रेक लाइट झाकायचा नाही आणि लावलेलं सगळं दहा मिनिटांत हातांनी निघालं पाहिजे. तरीही अधिकाऱ्याने हरकत घेतली तर वाद न घालता काढून टाकायचं. आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारलेलं बरं, कारण न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो. गाडी वॉरंटीत असेल तर नुसतं काढण्यावरच थांबा.

सामान फार लागत नाही. निवडणुकीत खांबाखांबावर लटकतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट, म्हणजे सनपॅक, बोर्ड करणाऱ्यांकडे मिळते. उरलेले तुकडे मागितले तर बऱ्याचदा फुकटही मिळतात. जाडी ३ ते ५ मिलिमीटर. नळ्यांची दिशा गाडीच्या लांबीत ठेवा, म्हणजे वाऱ्याच्या दाबाने शीट दुमडत नाही. घडी घालायची असेल तिथे फक्त वरचा पापुद्रा कटरने कापायचा, खालचा तसाच ठेवायचा. तोच बिजागरीचं काम करतो. याशिवाय केबल टाय, रंगाऱ्याचा मास्किंग टेप, बाहेरच्या वापराचा डबल साइड टेप, अ‍ॅल्युमिनियमच्या थोड्या पट्ट्या, साच्यांसाठी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी. शीट कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा गाडीवर टेपने लावून बघायचाच. बंपरला कुठेच सरळ रेघ नसते, हे पुठ्ठा लावल्यावर कळतं.

ही फोमची नळी ग्रिलसाठी. ग्रिलमधून आत शिरलेली हवा रेडिएटर, इंजिन, वायरिंगच्या जंजाळात अडखळत खाली निघते आणि तेवढी गाडीला मागे ओढते. नळीला लांबीत एक चीर द्या आणि ती ग्रिलच्या आडव्या पट्टीवर चढवा. फट आपोआप बुजते, टेप लागत नाही, हाताने ओढली की निघते. पण आपल्या उन्हात हे काम सगळ्यात सांभाळून करायचं. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, त्यालाही तीच हवा हवी. म्हणून फक्त वरच्या ग्रिलच्या एक-दोन फटी, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. खालची मोठी खिडकी उघडीच ठेवा. विदर्भात मे महिन्यात हा विचारही नको. आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, नुसता लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यामुळे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक गाडीची तपासणी करायला वापरतो त्या) बसणारा, तापमान मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथ डोंगल आधी घ्या. नळी लावण्यापूर्वी हायवेवर आणि खंबाटकीच्या चढावर कूलंटचं तापमान किती राहतं ते लिहून ठेवा. लावल्यावर ते त्याहून वर सरकलं, किंवा पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, की एक फट मोकळी करा.

खालच्या बाजूला मोठा वाव आहे, कारण गाडीचं पोट म्हणजे सायलेन्सर, पाइप, सस्पेंशन यांचा नुसता खडबडाट. अख्खं पोट झाकायचा मोह होतो. आपल्या स्पीडब्रेकरवर तो टिकत नाही, शिवाय सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ प्लास्टिक नेणं म्हणजे आगीशी खेळ. पुढच्या बंपरच्या खालपासून इंजिनाच्या सुरुवातीपर्यंतचा सपाट तुकडा पुरे. कंपनीचा प्लास्टिक गार्ड फाटला किंवा गळून पडला असेल तर आधी तोच नवा बसवा. आपली शीट त्याच्या पातळीच्या खाली जाता कामा नये आणि मागची कड मोकळी हवी, नाहीतर पाणी-चिखल साचतो. पावसाळ्यात ती काढून माळ्यावर टाका.

चाकांना सपाट झाकण घालायचं तर फक्त मागच्या. पुढच्या डिस्क ब्रेकना घाटात हवा लागते. होंडाने १९९९च्या इनसाइटमध्ये मागची चाकं अर्धी झाकली होती आणि त्या गाडीचा ड्रॅग गुणांक (आकारामुळे हवा किती अडवते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ०.२५ होता. पण ती गाडी जन्मालाच तशी घातलेली. आपण चाकावरचं आच्छादन लावलं तर पंक्चरवाल्याची करमणूक होते, एवढंच.

खरी खाणारी जागा मागे आहे. हॅचबॅकची डिकी उभी तुटलेली असते, तिथे हवा छताला सोडते आणि मागे कमी दाबाचा खड्डा तयार होतो. तो खड्डा गाडीला सतत मागे खेचत राहतो. १९८४मध्ये अहमद या संशोधकांनी मोटारीसारख्या सोप्या आकारावर विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, प्रयोग केले. मागचा उतार १२ अंशांच्या आसपास असताना विरोध सगळ्यात कमी आणि ३० अंशांजवळ सगळ्यात जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे उतार हवाच, पण बेताचा. अमेरिकेत एका हौशी माणसाने १९९२च्या होंडा सिव्हिकला लांबलचक शेपूट जोडून गुणांक ०.१७पर्यंत आणल्याचा दावा केला होता. ते शेपूट घेऊन आपण सोसायटीच्या पार्किंगमध्येही वळणार नाही. आपल्यासाठी एवढंच: मागच्या काचेच्या दोन्ही उभ्या कडांना सनपॅकच्या दोन-तीन इंच रुंद पट्ट्या, बंपरच्या आत राहतील अशा, मागची कड धारदार नव्हे पण काटकोनात तुटलेली. गोलसर कडेला हवा चिकटून वळते आणि खड्डा मोठा होतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला कोपरा लागू नये म्हणून टोकं बोथट करा.

पट्टी लावण्याआधी लोकरीचा एक गुंडा आणा. बोटभर लांबीचे तुकडे कापून मास्किंग टेपने डिकी, काच आणि बाजूच्या पत्र्यावर ओळीत चिकटवा. मित्राच्या गाडीतून, शेजारच्या लेनमधून, मागे बसलेल्या माणसाने मोबाइलवर शूट करायचं. चालवणाऱ्याने मोबाइलला हात लावायचा नाही. जिथे धागे सरळ मागे लोळतात तिथे हवा नीट वाहतेय, तिथे काही करू नका. जिथे ते गरगर फिरतात किंवा उलटे पुढे येतात, तिथे खड्डा आहे. छताच्या शेवटच्या धाग्यापर्यंत सगळं शिस्तीत आणि काचेवर पहिल्याच ओळीत गोंधळ, हे चित्र एकदा पाहिलं की पट्टी कुठून कुठपर्यंत हवी ते विचारावं लागत नाही.

मग चाचणी. पहाटे, वारा पडलेला असताना, मागेपुढे वाहन नसलेल्या सपाट सरळ रस्त्यावर गाडी गरम करून ताशी ७५ला न्या, न्यूट्रल करा आणि ७०वरून ५०वर यायला किती वेळ लागतो ते शेजाऱ्याला मोजू द्या. इंजिन बंद करायचं नाही, ब्रेक आणि स्टिअरिंगची ताकद जाते. उतारावर तर हा प्रकार अजिबात नाही. आपल्या धरलेल्या गाडीला साधारण वीस-पंचवीस सेकंद लागतील. हवेचा विरोध दहा टक्क्यांनी कमी झाला तर त्यात भर पडते फक्त एका सेकंदाची. झुळूक आली, रस्ता थोडा चढा निघाला, तर तो सेकंद तिथेच गेला. म्हणून दोन्ही दिशांना बऱ्याच वेळा मोजा आणि सरासरी काढा. पट्टीसह, पट्टीशिवाय, पुन्हा पट्टीसह अशाच क्रमाने, एकाच सकाळी. एका वेळी एकच बदल. ग्रिल, पोट आणि डिकी एकदम केलं तर कोणी कमावलं आणि कोणी घालवलं ते कळायचं नाही.

अपेक्षाही आत्ताच लिहून ठेवा. हवेचा विरोध दहा टक्क्यांनी उतरला तर हायवेवर पेट्रोल साधारण पाच टक्के वाचतं. महिन्याला हजार किलोमीटर हायवे आणि लिटरला २० धरले तर अडीच लिटर, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे रुपये. सामानाला त्याहून फार जास्त लागत असेल तर हा छंद समजा, बचत नव्हे. आणि सर्व्हिसिंगला गाडी देण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं उतरवून ठेवा. ऑइल काढताना खालची शीट आड आली तर मेकॅनिक ती केबल टायसकट कापून मोकळा होतो, आणि बिलावर त्याची नोंदही नसते.