लेआउटमधली भाजीबाग : मृगाच्या आधी काय काय तयार हवं

नागपुरात वस्तीची भाजीबाग पावसाळ्यात उभी राहते, पण तिची तयारी फेब्रुवारीतच सुरू करावी लागते. तेव्हा पानगळ असते आणि बागेचं खत त्या पानांतूनच होतं. लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतली, वाळली पानं कुणी पेटवून देण्याआधी पोत्यांत भरून ठेवा. एक भाग ओला कचरा, दोन ते तीन भाग पानं असे थर द्या आणि आठवड्यातून एकदा ढीग खालीवर करा. मे अखेरीपर्यंत तो मुरतो आणि साधारण तिसरा हिस्सा उरतो. ओलावा बघायला मूठभर घेऊन आवळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली आणि आंबूस वास आला तर पानं कमी पडली आहेत. एप्रिलच्या उन्हात मात्र ढीग कोरडा पडून कुजणंच थांबतं, म्हणून वर ओलं पोतं कायम हवं.

मार्चमध्ये जागेचा कागद करून घ्या. मोकळी जागा नागपूर सुधार प्रन्यासची, महानगरपालिकेची की सोसायटीची, हे मंजूर नकाशावरून ठरवा आणि परवानगी लेखी घ्या. किती वर्षांसाठी, पाणी कुठून, कुंपण चालेल का, हे त्यात यायला हवं. तोंडी होकारावर खड्डा खणू नका. पदाधिकारी बदलले की तो होकार कुणालाच आठवत नाही.

मग माती. रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचा मलबा हमखास निघतो. सिमेंटचा चुरा माती आणखी अल्कधर्मी करतो, आणि आपली काळी माती मुळातच तिकडे झुकलेली असते. नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात ती लोह न मिळाल्याने. मलबा वेचून बाहेर काढा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खणून, सगळी माती मिसळून त्यातली अर्धा किलो कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासायला द्या. पूर्वी तिथे गॅरेज किंवा बॅटरीचं काम चालत असेल तर त्या मातीत खायचं काहीच लावू नका. बाहेरची माती आणून पोत्यांत लावा.

काळ्या मातीत सपाट वाफे करू नका. जुलैच्या झडीत पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि वांग्याची रोपं उभ्या उभ्या मरतात. ४ फूट रुंद, १० फूट लांब, ९ ते १२ इंच उंच गादीवाफे करा. मधली दीड फुटाची वाट खणून तीच माती वर चढवा आणि वाटेला नालीकडे उतार द्या. प्रत्येक वाफ्यावर २ इंच खताचा थर, म्हणजे सुमारे १९० लिटर. ८ वाफ्यांना दीड हजार लिटर लागतं, एवढ्यासाठीच ढीग फेब्रुवारीत. माती भुसभुशीत व्हावी म्हणून थोडी वाळू टाकण्याचा मोह टाळा, काळ्या मातीत ती उलट घट्ट बसते. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचा धानाचा तूस मिळाला तर तो मिसळा. पाऊस सुरू झाल्यावर वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती हाताला न चिकटण्याइतकी सुकल्याशिवाय, वाफ्याला हात लावू नका आणि वाफ्यावर पाय तर कधीच देऊ नका.

पाण्याचा हिशेब आधी मांडा. ८ वाफे म्हणजे ३० चौरस मीटर; हिवाळ्यात रोज १२० लिटर, मे महिन्यात २४० लिटर. २०० लिटरचे दोन ड्रम घ्या, झाकण किंवा घट्ट कापड लावून, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतील. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वाया जाऊ नये असं वाटतं, पण पाणी उडून क्षार मागे राहिलेले असतात. रोपांना ते देऊ नका. नाग नदीचं किंवा नाल्याचं पाणी भाजीला कधीच नको. पहिल्या वर्षी उन्हाळी पीक घेऊच नका. लग्नसराई आणि सुट्टीत अर्धा लेआउट गावी जातो आणि बाग तीन दिवसांत वाळते.

कुंपणाची जाळी जमिनीत एक फूट गाडा. डुकरं खालूनच शिरतात. कुदळ, फावडं, चार घमेली, खुरपी, झारी आणि एक तराजू एवढं पुरे.

बियाणं मे अखेरीस आणा: भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), दोडकं, कारलं, आंबाडी. पाकिटातलं गुलाबी-निळं बी औषध लावलेलं असतं, मुलांच्या हाती देऊ नका. वांग्याची रोपं लावणीच्या महिनाभर आधी सावलीत टाका. पहिल्या सरीला पेरू नका. माती ४ ते ६ इंच भिजल्यावरच पेरा, कारण मृगात सर येऊन पुन्हा आठ-दहा दिवस उघाड पडते आणि उगवलेलं करपतं. भेंडीत ४५ बाय ३० सेंटीमीटर अंतर ठेवा. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसताच उपटा, पांढरी माशी तो रोग सगळीकडे नेते. जूनमध्ये कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून वाळवा. ५०० ग्रॅम कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवलं, गाळून थोडा साबण घातला की फवारणी तयार. सांभार (कोथिंबीर), मेथी, पालक यांचे दोन वाफे ऑक्टोबरसाठी मोकळे ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ वाटणीच्या बैठकीला द्या. बाग बहुधा किडीने नाही, "आम्ही पाणी घातलं, तोडून दुसऱ्यांनी नेलं" यावरून बंद पडते. म्हणून पेरणीआधीच वहीत लिहा: कोणत्या वारी कोणती दोन घरं पाणी देणार, चावी कुणाकडे, कोणी गावी गेलं तर बदली कोण. तोडा आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, तराजूसमोर. पहिला हिस्सा पाळी पाळलेल्या घरांचा, दुसरा अंगणवाडीचा. उरलं ते बचत गटाच्या बायका रविवारी फाटकावर पाव किलोच्या मापाने विकतील. त्याच टेबलाशेजारी कळमेश्वर-काटोलकडच्या एखाद्या शेतकऱ्याला कांदे-संत्री घेऊन बसायला बोलवा, म्हणजे बागेत न होणारंही थेट मिळेल. विक्रीचे पैसे पुढच्या बियाण्यासाठी वेगळ्या डब्यात, आणि वजन-रक्कम त्याच दिवशी सगळ्यांना दिसेल अशी फळ्यावर लिहा. खडू आणि फळा खरेदीच्या यादीत धरा.