बाळ यायच्या आधी घराचं काम काढताय? या चुका टाळा

गणपती गेले की माझा फोन वाजायला लागतो. पुण्यात रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगची कामं घेऊन मला वीस वर्षं झाली. सप्टेंबरअखेर दोन-तीन फोन तरी असे येतात, "हिला सातवा लागलाय, दिवाळीच्या आत बाळाची खोली करून द्या." काम आनंदाचं असतं, म्हणून मी नाही म्हणत नाही. पण दरवर्षी त्याच चुका बघून जीव तुटतो. म्हणून एकदा लिहून काढतोय.

ओल्या भिंतीवर रंग

पुण्यातला पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. म्हणजे चार महिने भिजलेल्या विटांच्या भिंतीला वाळायला जेमतेम दहा-बारा दिवस मिळाले. ऑक्टोबरच्या उन्हानं वरचा थर चटकन सुकतो आणि हात लावला की भिंत कोरडी वाटते. आत मात्र पाणी असतं. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की ते पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, येताना विटेतले क्षार विरघळवून आणतं, आणि ते क्षार रंगाच्या मागे साचून त्याला पुढे ढकलतात. आधी फुगे, मग पोपडे, मग पांढरी भुकटी.

कोथरूडमधल्या एका वरच्या मजल्यावरच्या घरात मी स्पष्ट सांगितलं होतं की पश्चिमेची भिंत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सोडा. पण घरात डोहाळजेवण होतं, पाहुणे येणार होते. त्यांनी दुसरा माणूस बोलावला. त्यानं आतून डॅम्पप्रूफचा एक हात मारला, वर फिका पिवळा रंग दिला आणि चार दिवसांत खोली तयार केली. फोटो मलाही पाठवला होता. खोली खरंच सुंदर दिसत होती. डिसेंबरात बाळ झालं. जानेवारीत त्या घरच्या आजींचा फोन आला, "खोलीत कुबट वास येतोय हो, बाळाला शिंका थांबत नाहीत." जाऊन पाहिलं तर पाळण्यामागची भिंत फुगलेली. भिंतीला चिकटवून ठेवलेलं नवं कपाट ओढलं, तर मागे हातभर काळी बुरशी. ऐन थंडीत बाळ-बाळंतिणीला मावशीकडे हलवावं लागलं.

मूळ दोष गच्चीवर होता. गच्ची आणि कठडा मिळतात तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात दिलेला सिमेंटचा गोलसर उतार, तडकला होता. तो दुरुस्त करायला दीड दिवस लागला. भिंत वाळायला पाच आठवडे. आतून मारलेला कुठलाही महागडा रंग बाहेरून येणारं पाणी थांबवत नाही, हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि तरीही लोक डबा घेऊन येतात.

माझी सवय साधी आहे. दीड फुटाचा चौकोनी पॉलिथिनचा तुकडा घ्यायचा, चारही कडा टेपनं भिंतीवर पक्क्या चिकटवायच्या आणि चोवीस तास ठेवायचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत गडद दिसली, तर रंगाचं नाव काढायचं नाही. एक तुकडा स्कर्टिंगच्या (फरशीलगतच्या पट्टीच्या) वर, एक मधोमध, एक स्लॅबजवळ. भिंत वाळली नसेल तर ती उघडीच राहू द्या, किंवा फार तर चुन्याचा हात द्या, कारण चुन्यातून वाफ बाहेर जाते. पाळणा समोरच्या कोरड्या भिंतीकडे ठेवा. तान्ह्या बाळाला भिंतीचा रंग कळत नाही, खोलीतली हवा मात्र त्याच्या छातीत जाते.

जुना ऑइलपेंट कोरडा घासणं

घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असायचं. जुन्या दारा-खिडक्यांवर तोच रंग थरावर थर बसलेला असतो. आईच्या शरीरात गेलेलं शिसं वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत पोचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं.

माझ्या धाकट्या बहिणीला सहावा महिना होता. तिच्या सासरच्या वाड्यात मी सहज डोकावलो, तर रंगारी मशीन लावून दरवाजा घासत होता आणि ही शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर हिरवट धूळ होती. मी तिथल्या तिथे काम थांबवलं, तिला आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. रिपोर्ट चांगला आला, पण ते तीन दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत.

जुना थर घट्ट असेल तर तो काढूच नका, वरून रंग द्या. काढावाच लागला तर वॉटर पेपरनं, पाणी लावत लावत. खाली प्लास्टिक अंथरा, झाडू फिरवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि गर्भार बाई त्या दिवसांत घरात नको. पहिलटकरीण माहेरी जाते, त्या दिवसांचा उपयोग यासाठी करा. ती परत यायच्या निदान दोन आठवडे आधी रंग संपवून खिडक्या उघड्या ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या हिशोबानं काम लावू नका. सदतीस आठवडे भरले की बाळंतपण कधीही होऊ शकतं, म्हणून आठव्या महिन्यानंतर मी हातोडी उचलत नाही. पोटुशीनं माळा आवरायला स्टुलावर चढू नये. बाथरूम घासताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर फवारणीऐवजी झुरळांची जेल वापरा, तेही डॉक्टरांना विचारून.

प्लास्टरवर आम्ही सात दिवस पाणी मारतो. त्यासाठी भरलेले ड्रम आणि बादल्या तशाच उघड्या राहतात. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडायला लागतात. ऑक्टोबर हा डेंग्यूचाच महिना आणि गरोदरपणात डेंग्यू फार घातक ठरू शकतो. ड्रमवर झाकण ठेवा, आठवड्यातून एकदा तो पूर्ण रिकामा करून आतून घासा. माझ्या माणसांना मी शनिवारी घरी जाताना हेच काम लावतो.

आणि डांबरगोळ्या. साफसफाईत आजीची जुनी ट्रंक उघडली जाते, त्यात जपून ठेवलेली दुपटी, झबली, टोपडी निघतात, आणि ती तशीच बाळाला घालतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वाफेनंही फुटतात आणि कावीळ एकदम वाढते. आपलं बाळ तसं आहे की नाही, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे त्या ट्रंकेतले कपडे नुसते झटकून वापरू नका. पुन्हा पुन्हा धुवा, कडक उन्हात वाळवा, आणि तरीही वास राहिला तर ते दुपटं आठवण म्हणून ठेवा, बाळाला नवं आणा. आमच्या घरी कपाटात गोळ्यांऐवजी वाळवलेला कडुनिंबाचा पाला असतो, दर दोन महिन्यांनी बदललेला.