कुणी न तपासणारी वही: आठवी ते दहावीच्या मुलांना लिहितं कसं करावं

नववीतल्या मुलांना ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहायला सांगा. पाच मिनिटांत काळे ढग दाटून येतात आणि मोर थुईथुई नाचायला लागतात. नाशिकच्या इंदिरानगरात मोर कुठून आले, असं कुणी विचारत नाही, कारण गाईडात तसंच असतं आणि मार्कही पडतात. या मुलांना लिहिता येतं. स्वतः पाहिलेलं लिहायची सवय मात्र नसते, आणि ती घरीही लावता येते.

आधी एक साधी शंभरपानी वही आणून द्या. ती कुणी तपासणार नाही, हे तेव्हाच सांगून टाका. ऱ्हस्व-दीर्घ नाही, अक्षर नाही, लाल पेन नाही. मुलांना न विचारता ती उघडायची नाही, ही अट आईबाबांना सगळ्यात जड जाते. पण एकदा जरी मोडली, तरी पुढे वहीत फक्त ‘आज मी लवकर उठलो’ एवढंच सापडेल.

मग वेळ ठरवा. क्लासहून आल्यावर, जेवणाआधी दहा मिनिटं पुरतात. काही सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. थोड्या वेळाने त्याचाच कंटाळा येतो आणि मनातलं काहीतरी उतरायला लागतं. भाषा घरात बोलतात तीच असू द्या. प्रमाण मराठी शाळेच्या वहीत आहेच की.

विषय लहान निवडा. ‘पर्यावरणाचे महत्त्व’ नको. सीबीएस बसस्टँडवर बसची वाट बघताना कानावर पडलेलं भांडण, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारायच्या आधी पोटात आलेला गोळा, अवकाळी पाऊस झाल्यावर मामा द्राक्षबागेत गेला तेव्हाचा त्याचा चेहरा, असं काहीही चालेल. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची वादावादीसुद्धा संवाद म्हणून लिहून काढता येते. मुलं त्यात फार रमतात.

आता खरं काम. आठवड्यातून एकदा मुलांनीच एखादं पान निवडून वाचून दाखवायचं. ऐकताना ‘छान’ म्हणू नका, प्रश्न विचारा. समजा पानावर आहे, ‘गोदावरीला पूर आला व तिने रौद्र रूप धारण केले.’ विचारा: पाणी कुठवर होतं? शेजारी कोण होतं? ते काय म्हणाले? दुकानदार काय करत होते? उत्तरं आली की तीच लिहायला सांगा. मग असं काहीतरी हाती लागतं: ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं होतं. आजोबा म्हणाले, अजून काही नाही, छातीला लागलं की बघू. तिकडे भांडीबाजारात मात्र पातेली माळ्यावर चढत होती.’ (दुतोंड्या मारुती म्हणजे गोदावरीतली मूर्ती; पाणी किती चढलं ते नाशिककर तिच्यावरून ठरवतात.) यात एकही अलंकार नाही, तरी पूर दिसतो. प्रश्न चार-पाचच ठेवा, उलटतपासणी झाली की मुलं गप्प होतात.

हे जमू लागलं की थोडी गंमत करा. तोच पूर आता मारुतीने सांगायचा, नाहीतर पातेल्याने. कधी पोस्टात न टाकायचं पत्र लिहायचं: शाळा सोडून गेलेल्या मैत्रिणीला, नाहीतर ज्याचा राग आलाय त्याला. असं पत्र फाडून टाकलं तरी हरकत नाही.

‘दहावीला याचा काय उपयोग?’ असं पालक विचारतातच. मराठीच्या पेपरात प्रसंगलेखन, आत्मकथन, कथालेखन असतं. मारुतीच्या तोंडून पूर सांगितलेल्या मुलीला आत्मकथनाची धास्ती वाटत नाही. पण परीक्षेचं नाव काढून वही सुरू करू नका, नाहीतर तिचीही गृहपाठाची वही होते.

शिक्षकांसाठी एक सुचवणं: २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, शाळेत मराठी भाषा गौरव दिनाची भाषणं होतात, तीही बहुतेक पाठ केलेली. त्यातला अर्धा तास या वह्यांना द्या. पान मुलांनी निवडायचं, नाव सांगायची सक्ती नाही, आणि ज्यांना वाचायचं नसेल त्यांना आग्रह करायचा नाही. नंबर काढू नका.